रक्तगट जुळल्यावरही रक्तकेंद्रात काय तपासतात?

नंदुरबार, धुळे किंवा जळगावच्या एखाद्या रुग्णालयातील रक्तकेंद्राबाहेर बसलेल्या नातेवाइकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. रुग्णाचा गट बी पॉझिटिव्ह आहे, फ्रीजमध्ये बी पॉझिटिव्ह पिशवी आहे, बदली रक्तदाता म्हणून भाऊ रक्त देऊनही आला आहे. मग आत तासभर नेमके काय चालले आहे? अहिराणीत हाच प्रश्न अधिक थेट येतो: "रगत त मिळनं, मंग आते काय तपासतस?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर 'नियम आहे' एवढ्यावर संपवणे बरोबर नाही. पिशवीवर लिहिलेला गट लाल पेशीवरच्या केवळ तीन खुणांबद्दल सांगतो, तर तशा खुणा शेकडो आहेत. त्या तासाभरात मुख्यतः रुग्णाच्या रक्तातील प्रतिपिंडांचा, म्हणजे परक्या खुणांना चिकटणाऱ्या प्रथिनांचा, शोध घेतला जातो आणि त्यासाठी वापरले जाणारे सर्वांत महत्त्वाचे साधन म्हणजे दुसऱ्या माणसांच्या लाल पेशी. म्हणजे ज्या लाल पेशी पिशवीतून रुग्णाला औषध म्हणून दिल्या जातात, त्याच जातीच्या पेशी प्रयोगशाळेत तपासणीचे द्रव्य म्हणूनही काम करतात, आणि या दुसऱ्या कामाविषयी फारसे कोणी बोलत नाही.

लाल पेशी ही सुमारे सात ते आठ मायक्रॉन व्यासाची, दोन्ही बाजूंनी खोलगट, केंद्रक नसलेली पेशी असते आणि ती शरीरात सुमारे 120 दिवस जगते. तिच्या आवरणावर साखरेचे आणि प्रथिनांचे अनेक रेणू बाहेर आलेले असतात. त्यांपैकी जे रेणू माणसामाणसांत वेगवेगळे असतात आणि ज्यांना दुसऱ्याचे शरीर परके म्हणून ओळखू शकते, त्यांना प्रतिजन म्हणतात. आज मान्यता असलेल्या रक्तगट प्रणालींची संख्या 45च्या वर गेली आहे आणि त्यांतील प्रतिजन 300हून अधिक आहेत. ए, बी आणि डी हे त्यांतले तीन. व्हिएन्नात काम करणाऱ्या कार्ल लँडस्टायनर यांनी 1901 मध्ये माणसांचे रक्त गटांत विभागता येते हे दाखवले आणि त्यासाठी त्यांना 1930 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांची पद्धतही लाल पेशींवरच उभी होती: एकाच्या लाल पेशी दुसऱ्याच्या सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर सुटणाऱ्या प्रतिपिंडयुक्त द्रवात, मिसळायच्या आणि गुठळ्या होतात का ते पाहायचे. सव्वाशे वर्षांनंतरही रक्तकेंद्रातील बहुतेक तपासण्यांचा गाभा तोच आहे.

ए आणि बी या प्रतिजनांचे वैशिष्ट्य असे की त्यांच्याविरुद्धचे प्रतिपिंड कोणाचेही रक्त न घेताच तयार झालेले असतात. आतड्यांतील जिवाणूंवर अशाच साखरेच्या रचना असल्यामुळे बाळ काही महिन्यांचे होईपर्यंत त्याचे शरीर, स्वतःकडे नसलेल्या ए किंवा बी विरुद्ध प्रतिपिंड बनवू लागते. म्हणूनच चुकीच्या गटाची पिशवी आयुष्यात पहिल्यांदा लावली तरी काही मिनिटांत पेशी फुटू लागतात. आणि म्हणूनच गट ठरवताना दोन बाजूंनी तपासणी केली जाते. पहिल्या बाजूने रुग्णाच्या पेशी घेऊन त्यांत निळ्या रंगाचे अँटी-ए, पिवळ्या रंगाचे अँटी-बी आणि वेगळे अँटी-डी टाकतात. दुसऱ्या बाजूने रुग्णाचे सीरम घेऊन त्यात आधीच माहीत असलेल्या ए, बी आणि ओ गटाच्या पेशी टाकतात. दोन्ही उत्तरे एकमेकांशी जुळली पाहिजेत. न जुळल्यास गट लिहायचा नाही, आधी कारण शोधायचे.

या दुसऱ्या बाजूसाठी लागणाऱ्या पेशी अनेक रक्तकेंद्रांत रोज सकाळी तिथेच तयार केल्या जातात. काही रक्तदात्यांच्या पिशव्यांना जोडलेल्या नळ्यांतील रक्त एकत्र करायचे, सलाइनने तीन वेळा धुवायचे आणि त्याचे दोन ते पाच टक्क्यांचे मिश्रण करायचे. धुण्यात कसूर झाली तर पेशींभोवती उरलेले रक्तद्रव प्रतिपिंड शोषून घेते. मिश्रण दाट झाले तर प्रतिपिंड अपुरे पडतात आणि पातळ झाले तर गुठळी दिसतच नाही. सकाळच्या या साध्या दिसणाऱ्या कामावर दिवसभरातील प्रत्येक गटाची विश्वासार्हता अवलंबून असते, म्हणून ते नवशिक्यावर सोडून देण्याची पद्धत मला कधीच पटलेली नाही.

ओ गटाच्या पेशी त्या रांगेत कशासाठी, असा प्रश्न पडू शकतो, कारण ओ पेशींवर ए नसतो आणि बीही नसतो. त्याचे उत्तर मुंबईने जगाला दिले आहे. 1952 मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत अशा व्यक्तींची नोंद केली, ज्यांचा गट पहिल्या बाजूने ओसारखा दिसतो, पण ज्यांचे सीरम ओ गटाच्या पेशींनाही गोळा करते. ए आणि बी हे दोन्ही प्रतिजन ज्या एच नावाच्या पायावर बांधले जातात, तो पायाच या लोकांत नसतो आणि त्यामुळे त्यांच्या शरीरात एचविरुद्ध जोरदार प्रतिपिंड असतात. ओ गटाच्या पेशींवर एच भरपूर असतो, म्हणून त्यांना ओची पिशवी लावणे जिवावर बेतू शकते. हाच बॉम्बे रक्तगट. भारतात तो साधारण दहा हजारांत एका व्यक्तीत आढळतो. फक्त पहिल्या बाजूने गट पाहणाऱ्या एखाद्या शिबिरात किंवा घाईच्या प्रयोगशाळेत तो हमखास ओ म्हणून लिहिला जातो. त्याला उघडे पाडतो तो दुसऱ्या बाजूच्या रांगेतला ओ पेशींचा एक थेंब.

याच टेबलावर आपल्या शेतातील एक ओळखीचे धान्यही आहे. ए गटाचे ए1 आणि ए2 असे उपगट असतात, आणि ते वेगळे ओळखण्यासाठी कुळथाच्या बियांतून काढलेले प्रथिन वापरतात. योग्य प्रमाणात पातळ केलेले हे प्रथिन ए1 पेशींना गोळा करते, ए2 पेशींना करत नाही. खानदेशात ज्याला हुलगे म्हणून दळून किंवा शिजवून खातात, तेच पीक रक्तकेंद्राच्या फ्रीजमध्ये छोट्या बाटलीत बसलेले असते. काही ए2 व्यक्तींत ए1विरुद्ध प्रतिपिंड असतो आणि तेव्हा गटाच्या दोन बाजू जुळत नाहीत. अशा वेळी ही बाटली उपयोगी पडते.

आता त्या प्रतिपिंडांकडे वळू, जे जन्मतः नसतात, पण एकदा तयार झाले की आयुष्यभर सावध राहावे लागते. 1939 मध्ये न्यूयॉर्कमध्ये फिलिप लेव्हिन आणि रूफस स्टेट्सन यांनी एका स्त्रीची हकिगत प्रसिद्ध केली. मृत बाळाला जन्म दिल्यानंतर तिला रक्ताची गरज पडली. पतीचा गट जुळत होता, म्हणून त्याचे रक्त दिले गेले आणि तिला तीव्र रिअॅक्शन आली. गर्भातील बाळाच्या पेशींवर पित्याकडून आलेला जो प्रतिजन होता, त्याविरुद्ध तिच्या शरीराने गरोदरपणातच प्रतिपिंड बनवले होते. पुढच्या वर्षी लँडस्टायनर आणि वीनर यांनी आरएच प्रतिजनाचे वर्णन केले आणि या कोड्याचा उलगडा होत गेला. 'पॉझिटिव्ह' आणि 'निगेटिव्ह' हे शब्द आपण ज्याच्यासाठी वापरतो तो डी हाच प्रतिजन. आपल्याकडे तो नसलेले लोक शंभरात साधारण पाचच्या आसपास असतात. डी निगेटिव्ह मातेला पॉझिटिव्ह बाळ झाल्यावर 72 तासांच्या आत अँटी-डीचे इंजेक्शन देतात, ते तिच्या शरीरात असा प्रतिपिंड तयार होऊ नये म्हणूनच.

त्या जुन्या घटनेतून आजही एक व्यावहारिक गोष्ट घेण्यासारखी आहे. मूल होण्याच्या वयातील स्त्रीला शक्यतो पतीचे रक्त देऊ नये. त्याच्या पेशींवरील ज्या प्रतिजनाविरुद्ध तिचे शरीर जागे होईल, तोच प्रतिजन उद्याच्या बाळावर असू शकतो. सख्ख्या भावाचे किंवा आईचे रक्त 'घरचे' म्हणून अधिक सुरक्षित, हा समजही बरोबर नाही. जवळच्या नात्यातील रक्तातल्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीरात टिकून त्याच्याच ऊतींवर हल्ला करण्याचा दुर्मीळ पण बहुधा प्राणघातक धोका असतो आणि तो टाळण्यासाठी अशा पिशवीवर किरणोत्सर्गाची प्रक्रिया करावी लागते. बदली रक्तदात्याची पिशवी साठ्यात जाते आणि रुग्णाला वेगळीच पिशवी मिळते, याबद्दल काही नातेवाइकांना फसवणूक झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात तसे होणेच हिताचे असते.

डीखेरीज आरएच प्रणालीतील मोठा सी, लहान सी, मोठा ई, लहान ई, तसेच केल, डफी, किड, एमएनएस या प्रणालींतील प्रतिजन रक्तसंक्रमणात महत्त्वाचे ठरतात. यांच्याविरुद्धचे प्रतिपिंड बहुतांशी आयजीजी जातीचे असतात आणि ते शोधणे अवघड असते. ए आणि बी विरुद्धचे प्रतिपिंड मुख्यतः आयजीएम जातीचे, म्हणजे पाच भाग एकत्र जोडलेले मोठे रेणू असतात; ते दोन पेशींमधले अंतर सहज ओलांडतात आणि खोलीच्या तापमानातच गुठळी दिसते. लाल पेशींच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असल्यामुळे सलाइनमध्ये त्या एकमेकींपासून दूर राहतात. आयजीजीचा रेणू लहान, त्याला ते अंतर पेलत नाही. तो एका पेशीला चिकटतो आणि तसाच बसून राहतो. नळीत काहीच दिसत नाही, पण तीच पेशी शरीरात गेली की प्लीहेतील भक्षक पेशी तिला ओळखून नष्ट करतात.

ही अडचण 1945 मध्ये केंब्रिजमध्ये रॉबिन कूम्ब्स, आर्थर मोरंट आणि रॉबर्ट रेस यांनी सोडवली. माणसाच्या प्रतिपिंडांविरुद्धच प्रतिपिंड असलेले सीरम त्यांनी वापरले. आधी रुग्णाचे सीरम आणि लाल पेशी 37 अंश सेल्सिअसला ठेवायच्या, म्हणजे आयजीजी असल्यास पेशीला चिकटेल. मग पेशी धुऊन न चिकटलेला भाग काढून टाकायचा. शेवटी कूम्ब्सचे सीरम घालायचे. ते दोन पेशींवर बसलेल्या आयजीजींना जोडते आणि न दिसणारी प्रक्रिया डोळ्याला दिसू लागते. रुग्णाच्या सीरमवर केली की तिला इनडायरेक्ट कूम्ब्स म्हणतात; रुग्णाच्या किंवा नवजात बाळाच्या पेशींवर शरीरातच प्रतिपिंड बसले आहेत का हे थेट पाहिले की डायरेक्ट कूम्ब्स. निगेटिव्ह मातेच्या कावीळ झालेल्या बाळासाठी डॉक्टर जी 'डीसीटी' मागवतात ती हीच.

या तपासणीत एक फसवी जागा आहे. धुण्यात थोडे जरी सीरम उरले, तरी त्यातील मोकळे आयजीजी कूम्ब्सचे सीरम खाऊन टाकते आणि उत्तर निगेटिव्ह येते. म्हणजे निष्काळजीपणाचे फळ 'सगळे ठीक आहे' अशा रूपात समोर येते, आणि प्रयोगशाळेत यापेक्षा धोकादायक चूक नसते. यावरचा उपाय पुन्हा लाल पेशींचाच. ज्या पेशींवर आधीच आयजीजी बसवलेले आहे अशा पेशी निगेटिव्ह आलेल्या प्रत्येक नळीत शेवटी घालतात. त्या गोळा झाल्या, तर कूम्ब्सचे सीरम शाबूत होते आणि निगेटिव्ह खरे; त्या गोळा झाल्या नाहीत, तर सगळी तपासणी पुन्हा पहिल्यापासून. नळीऐवजी जेल कार्ड वापरणाऱ्या ठिकाणी ही धुण्याची पायरी लागत नाही. कार्डाच्या बारीक नलिकेतील जेल चाळणीसारखे काम करते: सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवल्यावर सुट्या पेशी तळाशी जाऊन बसतात, गोळा झालेल्या वरच अडकतात, आणि काही जेलच्या मध्यावर लटकलेल्या दिसतात. उत्तर तासभर तसेच राहते, दुसऱ्याला दाखवता येते, हा त्याचा मोठा फायदा.

क्रॉसमॅच म्हणजे रुग्णाचे सीरम आणि निवडलेल्या पिशवीतील पेशी यांची हीच तपासणी. ती जुळली की पिशवी दिली जाते. पण क्रॉसमॅच फक्त त्या एका पिशवीबद्दल बोलते. रुग्णाच्या रक्तात एखादा प्रतिपिंड आहे का, हे स्वतंत्रपणे जाणून घ्यायचे असेल तर प्रतिपिंड-चाचणी करावी लागते आणि तिथे खास निवडलेल्या लाल पेशींची गरज पडते. सहसा तीन रक्तदात्यांच्या पेशींचा संच असतो. तिघेही ओ गटाचे असतात, म्हणजे रुग्णाचा ए किंवा बी विरुद्धचा प्रतिपिंड मध्ये लुडबुड करत नाही. त्या तिघांच्या प्रत्येक महत्त्वाच्या प्रतिजनाची नोंद एका तक्त्यावर असते. रुग्णाचे सीरम तिघांपैकी एकाशी जरी गोळा झाले, तर प्रतिपिंड आहे हे कळते. कोणता आहे हे शोधायला साधारण 11 पेशींचा मोठा संच लागतो.

तो मोठा संच वाचणे ही कौशल्याची गोष्ट आहे. ज्या पेशीशी सीरम गोळा झाले नाही, त्या पेशीवरचे प्रतिजन एकामागून एक खोडत जायचे, कारण त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंड असता तर ती पेशी शांत राहिली नसती. उरलेल्यांपैकी एखाद्याची मांडणी गोळा झालेल्या सगळ्या पेशींशी तंतोतंत जुळते. तरीही निष्कर्षापूर्वी तो प्रतिजन असलेल्या किमान तीन पेशी गोळा झालेल्या आणि नसलेल्या किमान तीन शांत राहिलेल्या असाव्यात, असा संकेत आहे. सहा पेशींत ही मांडणी निव्वळ योगायोगाने जुळण्याची शक्यता वीसात एक असते. खोडतानाही एक पथ्य पाळावे लागते. काही प्रतिजन आई आणि वडील दोघांकडूनही आले असतील तर पेशीवर दुप्पट असतात, आणि किड प्रणालीतील दुबळे प्रतिपिंड अशा दुप्पट पेशींनाच ओळखतात. एकेरी पेशी शांत राहिली म्हणून किडचा प्रतिपिंड खोडला, तर तो निसटतो. शिवाय या पेशी जिवंत द्रव्य आहे. त्या 2 ते 8 अंशांत ठेवाव्या लागतात, त्यांची मुदत काही आठवड्यांचीच असते आणि जुन्या होत गेल्या की काही प्रतिजन फिके पडतात. म्हणून मुदतबाह्य संच 'अजून चांगला दिसतो' म्हणून वापरणे म्हणजे स्वतःच्या डोळ्यांना फसवणे होय.

संचातील पेशी कोणाच्या, याचेही महत्त्व आहे. बाजारात मिळणाऱ्या अनेक संचांसाठी रक्तदाते युरोप-अमेरिकेतील असतात आणि आपल्याकडे आढळणारा एखादा प्रतिजन त्यांच्यात नसू शकतो. 'इंडियन' या नावाच्या रक्तगट प्रणालीतील आयएन-ए हा प्रतिजन त्याचे उदाहरण. मुंबईत 1970च्या दशकात त्याची नोंद झाली. आपल्याकडे तो शंभरात काही जणांत असतो आणि युरोपीय वंशाच्या लोकांत जवळजवळ नसतोच. त्याविरुद्धचा प्रतिपिंड परदेशी संचाला दिसणार नाही, पण तो प्रतिजन असलेल्या पिशवीशी केलेली क्रॉसमॅच त्याला पकडेल. उलट रुग्णात किडचा दुबळा प्रतिपिंड असेल आणि पिशवीतील पेशी एकेरी असतील, तर क्रॉसमॅच जुळल्यासारखी दिसेल आणि दुप्पट पेशी असलेला चाचणी-संच त्याला पकडेल. त्यामुळे दोन्ही तपासण्या लागतात. आपल्याकडे अनेक ठिकाणी क्रॉसमॅचवरच भागवले जाते. मुंबईतील राष्ट्रीय रोगप्रतिकार रक्तशास्त्र संस्थेसारख्या संदर्भ केंद्राकडे गुंतागुंतीचे नमुने पाठवावे लागतात ते वेगळेच.

खानदेशात या सगळ्याला एक जास्तीचे वजन आहे, ते सिकलसेलमुळे. 2011च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्याची सुमारे 69 टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे आणि सातपुड्याच्या पट्ट्यातील आदिवासी समाजांत या आजाराचे जनुक लक्षणीय प्रमाणात आढळते. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढ्या एका बदलाने प्राणवायू कमी झाला की पेशी विळ्याच्या आकाराची होते, अडकते आणि लवकर फुटते. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेमुळे तपासणीचे प्रमाण वाढले आहे, पण निदान झालेल्या मुलाला पुढे वारंवार रक्त लागू शकते, आणि प्रत्येक पिशवी म्हणजे शेकडो परक्या प्रतिजनांशी नवी ओळख. थॅलसेमियाच्या मुलांना तर दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागते. अशा रुग्णांत प्रतिपिंड तयार होण्याचे प्रमाण एखाद्या वेळी रक्त घेणाऱ्यांपेक्षा बरेच जास्त असते.

म्हणून या मुलांना पहिली पिशवी लावण्याच्या आधीच त्यांच्या पेशींवर आरएचमधले सी आणि ई, तसेच केल हे प्रतिजन आहेत की नाहीत हे तपासून लिहून ठेवावे आणि शक्यतो त्याच्याशी जुळणारी, सिकल हिमोग्लोबिन नसलेली पिशवी द्यावी, असे तज्ज्ञ सांगतात. पहिल्या पिशवीनंतर हे काम अवघड होते, कारण पुढचे तीन महिने रुग्णाच्या नसांत स्वतःच्या आणि दात्याच्या पेशी मिसळलेल्या असतात आणि कोणाचा प्रतिजन कोणता हे साध्या तपासणीने सांगता येत नाही. मग महाग जनुकीय चाचणीकडे जावे लागते. काही मिनिटांच्या आणि थोड्या खर्चाच्या या तपासणीची वेळ एकदाच येते. ती हुकू देऊ नये, एवढा आग्रह प्रत्येक जिल्हा रुग्णालयाने धरला तरी पुष्कळ काही साधेल, असे माझे मत आहे.

दुसरी अडचण नोंदीची. किडसारखे प्रतिपिंड काही महिन्यांत इतके कमी होतात की पुढच्या वेळी चाचणीही निगेटिव्ह आणि क्रॉसमॅचही जुळलेली येते. पण शरीराची आठवण पुसलेली नसते. तोच प्रतिजन पुन्हा आत आला की काही दिवसांत प्रतिपिंड उसळून येतात आणि रक्त दिल्यानंतर साधारण तीन ते चौदा दिवसांत दिलेल्या पेशी फुटू लागतात: ताप, डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे आणि चढलेले हिमोग्लोबिन पुन्हा उतरणे. सिकलसेलच्या रुग्णात हे सांधेदुखीच्या नेहमीच्या झटक्यासारखे दिसू शकते आणि काही वेळा तर दात्याच्या पेशींबरोबर रुग्णाच्या स्वतःच्या पेशीही फुटून हिमोग्लोबिन रक्त देण्यापूर्वीपेक्षाही खाली जाते. तेव्हा आणखी एक पिशवी लावणे घातक ठरू शकते. धडगाव किंवा अक्कलकुवा तालुक्यातील एखादे कुटुंब पावसाळ्यात गावी असते, हंगामात ऊसतोडीसाठी गुजरातेत असते. मुलाला एकदा नंदुरबारला रक्त मिळते, एकदा सुरतेला, एकदा धुळ्याला. एका ठिकाणी सापडलेला प्रतिपिंड दुसऱ्या ठिकाणी कोणालाच माहीत नसतो. त्यामुळे प्रतिपिंडाचे नाव, तारीख आणि रक्तकेंद्र लिहिलेले कार्ड रुग्णाजवळच असणे आणि पालकांनी ते मागून घेणे गरजेचे आहे. मागणीच्या फॉर्मवर 'रुग्णाला पूर्वी रक्त चढवले आहे का', 'किती बाळंतपणे, गर्भपात' हे रकाने असतात, तेही याचसाठी. गेल्या तीन महिन्यांत रुग्णाला रक्त चढवले असेल किंवा रुग्ण गरोदर असेल, तर क्रॉसमॅचसाठी तीन दिवसांपेक्षा जुना नमुना चालत नाही, कारण एवढ्या काळात नवा प्रतिपिंड उगवू शकतो. ते रकाने कोरे ठेवले की आतल्या माणसाच्या हातातला महत्त्वाचा धागा तुटतो.

इतके सगळे असूनही, रक्तामुळे जे तत्काळ मृत्यू होतात त्यांत दुर्मीळ प्रतिपिंडांपेक्षा मोठा वाटा चुकीच्या माणसाला चुकीची पिशवी लागण्याचा असतो. नळीवर दुसऱ्याचे नाव लागले तर कूम्ब्स आणि जेल कार्ड दोघेही त्या चुकीच्या माणसासाठी अचूक उत्तर देतात. म्हणून नळीवर नाव खाटेपाशीच आणि रक्त काढल्याबरोबर लिहायचे. एकाच आडनावाचे दोन रुग्ण शेजारी असणे आपल्या वॉर्डांत नेहमीचेच आहे. पिशवी लावण्यापूर्वी दोन जणांनी नाव, नोंदणी क्रमांक, पिशवीचा क्रमांक आणि मुदत पडताळायची. पहिली पंधरा मिनिटे रक्त सावकाश सोडायचे आणि रुग्णाजवळ थांबायचे. थंडी वाजून ताप, कमरेत किंवा छातीत दुखणे, सुई लावलेल्या जागी जळजळ, घाबरल्यासारखे वाटणे, लालसर लघवी यांपैकी काही दिसले की सर्वांत आधी रक्त बंद करायचे, शीर सलाइनने चालू ठेवायची, डॉक्टरांना बोलवायचे आणि पिशवी फेकून न देता नव्या नमुन्यासह रक्तकेंद्रात परत पाठवायची. त्यासाठीच क्रॉसमॅच झालेले दोन्ही नमुने रक्तकेंद्र रक्त दिल्यानंतरही किमान सात दिवस जपून ठेवते.

जळगावच्या मे महिन्यात वाहतुकीचीही काळजी घ्यावी लागते. लाल पेशी 2 ते 6 अंशांत ठेवतात. सीपीडीए-1 या द्रावणात त्या 35 दिवस आणि एसएजीएममध्ये 42 दिवस टिकतात. रक्तकेंद्रातून पिशवी बर्फाच्या डब्यातून न्यावी, पण बर्फ पिशवीला थेट लागू देऊ नये, कारण गोठलेल्या पेशी वितळताना फुटतात. उन्हात किंवा गरम पाण्यात ती 'कोमट' करण्याचा प्रकारही तितकाच वाईट. बाहेर काढल्यावर अर्ध्या तासात वापरायची नसेल तर ती परत करावी आणि लावल्यावर चार तासांत संपवावी. त्याच नळीतून सलाइनखेरीज काहीही सोडू नये. डेक्स्ट्रोजमध्ये पेशी फुटतात आणि रिंगर लॅक्टेटमधील कॅल्शियममुळे रक्त गोठू शकते.

उरतो प्रश्न तातडीचा. बाळंतपणात अतिरक्तस्राव झाला, महामार्गावर अपघात झाला, तर तासभर थांबता येत नाही आणि कोणी थांबवतही नाही. डॉक्टरांच्या लेखी मागणीवर क्रॉसमॅचविना ओ गटाच्या लाल पेशी, स्त्रियांसाठी शक्यतो ओ निगेटिव्ह, दिल्या जातात आणि क्रॉसमॅच मागाहून पूर्ण केली जाते. ओ निगेटिव्हला 'सर्वांना चालणारे रक्त' म्हणतात, पण ते ए, बी आणि डी या तिघांपुरतेच खरे आहे. निगेटिव्ह व्यक्तींच्या पेशींवर लहान सी हा प्रतिजन जवळजवळ नेहमी असतो. आपल्याकडील बऱ्याच पॉझिटिव्ह लोकांत तो नसतो, आणि त्यांच्यापैकी एखादीला पूर्वीच्या बाळंतपणात किंवा रक्तातून लहान सीविरुद्ध प्रतिपिंड झालेला असेल, तर तिच्यासाठी ओ निगेटिव्हची जवळजवळ कोणतीही पिशवी न जुळणारी ठरते. म्हणून पिशवी वॉर्डात गेल्यावरही आत टेबलावर तिच्या नळीतील पेशी आणि रुग्णाचे सीरम 37 अंशांवर ठेवलेले असते, आणि उत्तर न जुळणारे आले तर टेक्निशियनचा फोन वॉर्डात जातो: जेवढे गेले तेवढ्यावर थांबवा, दुसरी पिशवी पाठवतो.